नाण्यांचा बंद रोल ऑनलाइन लिलावात घेण्याआधी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सराफा बाजार, इंदूर

नमस्कार.

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनासाठी राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया शोधत मंडळी सराफ्यात येतात. हल्ली त्यांतले बरेच जण आधी मोबाइलवर लिलाव बघून आलेले असतात, आणि काही जण तिथून घेतलेला माल आमच्याकडे तपासायला आणतात. सुट्ट्या नाण्यांत फसलेले लोक कमी दिसतात. फसगत होते ती बंद रोलमध्ये, आणि रक्कमही तिथेच मोठी जाते. म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी नेऊन सावकाश वाचा.

रोल म्हणजे खाकी कागदात किंवा प्लास्टिकच्या नळीत बांधलेली वीस किंवा पन्नास नाण्यांची सुरळी. दोन्ही टोकांचं एकेक नाणं दिसतं, मधली दिसत नाहीत. जाहिरातीत फोटोखाली मजकूर ठरलेला: ‘आजोबांच्या तिजोरीतला’, ‘बँकेचा सीलबंद’, ‘कधीच उघडलेला नाही, आत काय आहे ते आम्हालाही ठाऊक नाही’. टोकाला मात्र ठसठशीत व्हिक्टोरिया राणी, नाहीतर एखादं दुर्मीळ साल.

आमचं सांगणं एवढंच आहे की वीसच्या रोलमध्ये टोकाची दोन नाणी बघून मधल्या अठरांचे पैसे देऊ नका. मधली अठरा त्या जातीतली सगळ्यात कमी किमतीची आहेत असं धरा, त्या हिशेबात जेवढी किंमत बसेल तेवढीच बोली लावा. तेवढ्यात मिळत नसेल तर सोडून द्या.

टोकाचं नाणं टोकाला आलं कसं?

साधा हिशेब करू. वीस नाण्यांत खरोखर एकच दुर्मीळ नाणं असेल आणि ती न बघता भरली असतील, तर ते नेमकं टोकाला येण्याची शक्यता दहात एक. आता त्याच विक्रेत्याचे आधी विकल्या गेलेल्या रोलच्या जाहिराती उघडून बघा. प्रत्येकाच्या टोकाला दुर्मीळ साल दिसत असेल, तर ती नाणी कोणीतरी निवडून तिथे बसवली आहेत. आणि ज्यानं टोकाला निवडून बसवली, त्यानं मधली बघितली नाहीत हे कसं मानायचं? ‘कधीच उघडलेला नाही’ हा दावा तिथेच कोसळतो. शिवाय एका माणसाच्या आजोबांच्या तिजोरीतून दर आठवड्याला नवा रोल कसा निघतो, हेही विचारावं.

वजन बरोबर, चांदी निम्मी

हा भाग नीट वाचा, कारण जाणते लोकही इथेच फसतात. ‘आम्ही वजन करून घेतलं होतं’ असं म्हणत ते येतात.

१८३५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती, म्हणजे ९१.६ टंच (शंभरात ९१.६ भाग शुद्ध चांदी). विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या सगळ्या काळात आणि सहाव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या रुपयांत हेच प्रमाण राहिलं. दुसऱ्या महायुद्धात चांदी अपुरी पडली आणि १९४० मध्ये सरकारनं टंच उतरवून थेट ५० केला. उरलेल्या भागात तांबं, निकेल आणि जस्त. वजन मात्र तेच, ११.६६ ग्रॅम.

म्हणजे व्हिक्टोरियाच्या एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी, आणि १९४४ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. वीस राणीछापांच्या रोलमध्ये साधारण २१४ ग्रॅम चांदी हवी. टोकाला दोन राण्या आणि आत अठरा सहाव्या जॉर्जचे निम्म्या चांदीचे असतील, तर ती १२६ ग्रॅमवर येते. आणि काट्यावर? दोन्ही रोल २३३ ग्रॅमच दाखवणार. विक्रेता मोठ्या विश्वासानं काट्यावरचा फोटो पाठवतो, तो फोटो खराही असतो.

रामबागेतल्या एका ताईंनी असाच रोल आणला होता. टोकाला १९०१ ची राणी, दुसऱ्या टोकाला १९०७ चा एडवर्ड. कागद त्यांच्यासमोरच ब्लेडनं उभा कापला. आत १९४३, ४४, ४५. एकही नाणं नकली नव्हतं. जाहिरातीत ‘चांदीचे जुने रुपये’ एवढंच लिहिलेलं, टंच कुठेच नाही. ताईंनी पैसे मात्र सगळे राणीछाप धरून मोजले होते. अशा व्यवहारात तक्रार करायलाही जागा उरत नाही. म्हणून बोली लावण्याआधीच विक्रेत्याला लिहून विचारा: ‘सगळी नाणी १९३९ किंवा त्याआधीची आहेत का?’ उत्तर लेखीच घ्या, फोनवर नको.

रोल पारदर्शक नळीत असेल तर विक्रेत्याकडून कडेचा फोटो जवळून मागवा. जुन्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या दातऱ्या असतात. युद्धकाळातल्या निम्म्या चांदीच्या रुपयांना दातऱ्यांच्या मधोमध एक खाच फिरवलेली असते, नकली नाणी पाडणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. नळीतून ती खाच दिसते. फोटो द्यायला कुरकुर झाली तर समजून जा.

१९४७ चा रुपया वेगळाच, तो निकेलचा. चुंबकाला चिकटतो आणि तरीही अस्सल असतो. त्यात चांदी नाही एवढंच.

घरी करता येणारी पाण्याची परीक्षा

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. नाणं कोरडं तोला, समजा ११.६६ भरलं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं धरा. हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं पहिल्या वजनाला भागा.

अस्सल ९१.६ टंचाच्या रुपयाला पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा येतो, भागाकार १०.३ च्या जवळ. निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या पुढे, भागाकार साडेनऊच्या जवळ. जर्मन सिल्व्हरवर (तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) चांदीचा मुलामा दिलेला असेल तर १.३४ च्या आसपास, आणि भागाकार नऊच्याही खाली. झिजलेला रुपया ११.५ किंवा ११.४ ग्रॅम भरतो, पण त्याचा भागाकार बदलत नाही. म्हणूनच नुसत्या वजनापेक्षा ही परीक्षा आम्हाला जास्त भरवशाची वाटते. नाण्याला इजा नाही, ॲसिड नाही, कानस नाही. कृपा करून जुनं नाणं कसोटीवर घासू नका, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच जाते.

चुंबकाबद्दल थोडंच. चांदी चिकटत नाही, पण तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही. तेव्हा चिकटला नाही म्हणजे चांदी, असं नाही.

वेष्टणाचा कागद

राणीच्या काळातले रुपये टांकसाळीतून आणि खजिन्यातून थैल्यांत भरून जात. व्हिक्टोरियाच्या काळातला, बँकेनं कागदात बांधलेला अस्सल रोल आमच्या पाहण्यात आजवर आलेला नाही. कागदावर इंपीरियल बँकेचं नाव असेल तर लक्षात ठेवा, ती बँक १९२१ मध्ये झाली आणि १९५५ मध्ये तिची स्टेट बँक झाली. त्याच कागदावर पत्त्यात सहा आकडी पिनकोड दिसला, तर तो कागद १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच त्या वर्षी सुरू झाला. ₹ हे चिन्ह तर २०१० चं. असा कागद हाती आला तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही.

नोटा तपासायचा निळा दिवा बहुतेक दुकानांत असतो. त्याखाली कागद धरा. १९५० च्या सुमारापासून कागदात चमक आणणारी रसायनं वापरात आली, आणि तसा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९३० चा म्हणून विकलेला कागद असा चमकला तर तो नंतर गुंडाळलेला आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागदही या दिव्याखाली लपत नाही.

होळकरी रुपयांचा रोल

आपल्याकडे याचा मोह जास्त, म्हणून वेगळं लिहितो. अहिल्यादेवींच्या काळातले मल्हारनगर आणि महेश्वर टांकसाळीचे रुपये, ज्यांवर बेलपान आणि शिवलिंग आहे, ते हातानं हातोडा मारून पाडलेले. ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर त्याचा वेगळाच भाग उमटतो. जाडी कमीजास्त, गोलाई वाकडी. अशी नाणी नळीत एकावर एक नीट बसणारच नाहीत. म्हणून वीस सारख्या जाडीचे, सारखे गोल होळकरी रुपये दिसले की शंका घ्या. दोन नाण्यांवर एकच तडा, एकाच जागी, एकाच आकाराचा असेल तर भिंग घेऊन कड बघा. ओतीव नाण्याला कडेभोवती जोडाची पुसट रेघ असते, ती कानशीनं घासलेली असली तरी तिथली दातऱ्यांसारखी बारीक खरवड दिसते. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या छापासारखी बोथट आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं.

‘शेतात हंडा सापडला, त्यातला रोल’ असं कोणी सांगितलं तर दोन हात दूर राहा. १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सांगणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर कायदा मोडून आणलेला माल तुमच्या गळ्यात मारतोय.

राम-सीता किंवा हनुमान असलेली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १६१६, १७१७ किंवा १८१८ साल टाकलेली ‘चमत्कारी’ नाणी चलनात कधी नव्हतीच. त्यांचा रोल फुकट मिळाला तरी त्यात चांदी नसते.

अमेरिकन डॉलरचे रोल

इंदूरच्या अनेक मराठी घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, आणि तिथले लिलाव बघून आईबाबांसाठी ‘मॉर्गन डॉलर’चा, म्हणजे तिथल्या जुन्या चांदीच्या डॉलरचा रोल घेण्याचं त्यांच्या मनात येतं. तिथे रोलमध्ये वीस डॉलर असतात. एक डॉलर २६.७३ ग्रॅम, ९० टंच, म्हणजे नवाकोरा रोल जवळपास ५३५ ग्रॅम भरायला हवा.

तिथलं टोकाचं आमिष म्हणजे कार्सन सिटी टांकसाळीचं चिन्ह, रोमन लिपीतली दोन ‘सी’ अक्षरं. ती नाण्याच्या मागच्या बाजूला गरुडाखालच्या माळेच्या खाली असतात, आणि साल असतं पुढच्या बाजूला. रोलच्या टोकाला मागची बाजू ठेवली की टांकसाळ दिसते पण साल लपतं. दुसऱ्या टोकाला एखादं चांगलं साल, तिथे टांकसाळ लपते. दोन्ही मिळून मनात दुर्मीळ नाणं तयार होतं, हातात मात्र ते नसतं.

आत बहुधा १९२१ चे डॉलर निघतात, आणि त्याला कारण आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेनं १९१८ च्या पिटमन कायद्याखाली सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. वितळवलेले डॉलर पुन्हा पाडण्याची त्या कायद्यातच अट होती. म्हणून १९२१ मध्ये एकट्या फिलाडेल्फियात साडेचार कोटींच्या घरात मॉर्गन डॉलर पडले. हे साल सगळ्यात सहज मिळतं, म्हणून रोल भरायलाही तेच सोयीचं पडतं.

पैसे देताना

रोल उघडून बघितल्यावर परत घेणार का, हे आधी लिहून विचारा. बहुतेक विक्रेते ‘सील तुटलं की परत नाही’ म्हणतात. असं असेल तर बोली लावू नका, कारण न उघडता तपासणी होत नाही. पार्सल आल्यावर पत्त्याची चिठ्ठी, सील, वजन आणि पार्सल उघडणं, सगळं एकाच सलग व्हिडिओत घ्या.

तुमच्याकडची जुनी नाणी लाखांना घेतो म्हणून आधी ‘कमिशन’ किंवा ‘कर’ मागणारा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं आहे: तिच्या नावानं असे पैसे मागण्याचा अधिकार तिनं कोणालाही दिलेला नाही. पैसे गेलेच तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला १९३० या नंबरवर कळवा, उशीर झाला की रक्कम थांबवणं अवघड होतं. वस्तूबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर.

आमची पद्धत

आम्ही बंद रोल विकत नाही आणि घेतही नाही. प्रत्येक रुपया सुटा, दोन्ही बाजू आणि कड दाखवून, साल, वजन आणि टंच बिलावर लिहून देतो. दुसरीकडून घेतलेला रोल असेल तरी संकोच न करता आणा. तो तुमच्यासमोरच तोलू, उघडू आणि पाण्यात घालून बघू. टंच मशीनवरही लावू, पण मशीन वरच्या थराचाच आकडा देतं, जाड मुलाम्याला ते फसू शकतं, म्हणून पाण्याची परीक्षा वगळत नाही.

दिवसा उजेडात या. संध्याकाळनंतर सराफ्यात खाण्याची दुकानं लागतात, गर्दीत भिंग लावून कड बघणं होत नाही. रोल घरी उघडू नका, आणि येताना लिलावाचा स्क्रीनशॉट, विक्रेत्याशी झालेला संदेशांचा मजकूर आणि पार्सलचा डबा सोबत आणा.