प्रचारात देवाधर्माच्या नावाने मत मागितलं तर तक्रार कुठे करायची, याचिका कोण करू शकतं, कागदपत्रं काय लागतात

निवडणूक लागली की दर वेळी आरतीचे, महाप्रसादाचे फोटो फिरायला लागतात आणि खाली प्रश्न ठरलेला, यावर तक्रार करता येते का. सरळ उत्तर, नुसत्या आरतीवर नाही. उमेदवाराने देवळात नारळ फोडला, दर्ग्यावर चादर चढवली, चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले, यातलं काहीच बेकायदेशीर नाही, त्यालाही धर्मस्वातंत्र्य आहेच की. कायदा बघतो ते एवढंच की त्या पूजेच्या, त्या धर्माच्या नावाने मत मागितलं का. सरकारी पूजेचं मात्र वेगळं, २०२४ च्या कार्तिकीला आचारसंहिता चालू होती म्हणून पंढरपूरची शासकीय महापूजा उपमुख्यमंत्र्यांऐवजी विभागीय आयुक्तांनी केली.

नेमकं काय चालत नाही

मुख्य कायदा लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, त्यातलं कलम १२३. पोटकलम ३ म्हणतं की धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन, किंवा त्यासाठी धार्मिक चिन्हांचा वापर, हे भ्रष्ट आचरण, म्हणजे ज्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते असं वागणं. आधी वाद असा होता की धर्म कोणाचा, उमेदवाराचा की मतदाराचाही. तो २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ७ न्यायमूर्तींनी ४ विरुद्ध ३ असा मिटवला, मतदाराचा धर्मसुद्धा त्यात आला. हे प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचं होतं, म्हणजे निकाल यायला किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

पोटकलम २ लोकांना फारसं माहीत नसतं, आणि गावाकडे तेच जास्त कामाचं. मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हा गैरवाजवी दबाव. पैसे वाटून वर भंडारा (देवाची हळद) उचलायला लावायचा, देवाची शपथ घ्यायला लावायची, ते बहुतेक इथेच येतं, आणि पैशामुळे लाचेचं कलम वेगळं. पोटकलम ३क दोन धर्मांमध्ये द्वेष पसरवण्याबद्दल आहे, त्याच गोष्टीवर कलम १२५ खाली फौजदारी गुन्हाही होतो, ३ वर्षांपर्यंत शिक्षा.

जागेचा कायदा वेगळा. आदर्श आचारसंहिता सांगते की देऊळ, मशीद, चर्च, कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ करायचं नाही. त्याशिवाय धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आहे, त्यात संस्था चालवणाऱ्यांवरच जबाबदारी टाकलीय, राजकीय कामाला जागा दिली तर ५ वर्षांपर्यंत कैद. ट्रस्टींना हे कोणी सांगत नाही, ते बिचारे साहेब येणार म्हणून मांडव घालून मोकळे होतात.

शब्द किती तोलून बघितले जातात त्याचं उदाहरण म्हणजे ११ डिसेंबर १९९५. त्या एकाच दिवशी सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले. मुंबईतल्या विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरेंनी केलेल्या भाषणांमुळे रमेश प्रभूंची आमदारकी गेली ती गेलीच, हायकोर्टाचा निकाल कायम राहिला, आणि पुढे १९९९ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ठाकरेंचा मतदानाचा हक्कही ६ वर्षांसाठी काढला गेला. दुसऱ्या निकालात शिवसेनेचे मनोहर जोशी वाचले. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात होईल हे त्यांचं वाक्य म्हणजे नुसती आशा आहे, धर्माच्या नावाने मत मागणं नाही असं कोर्ट म्हणालं. मला तो फरक आजही पटत नाही, पण तक्रार लिहिताना तो डोक्यात ठेवावाच लागतो, कारण समोरचा वकील पहिल्यांदा तेच वाचून दाखवणार.

पहिला रस्ता : प्रचार चालू असताना तक्रार

यासाठी पात्रता वगैरे काही नाही, कोणीही नागरिक करू शकतो, त्या मतदारसंघातलाच पाहिजे असंही नाही. निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप घ्या, आचारसंहिता लागू असते तेव्हाच ते चालतं. फोटो किंवा जास्तीत जास्त २ मिनिटांचा व्हिडिओ ॲपमधूनच काढायचा, लोकेशन चालू ठेवायचं, आणि काढल्यापासून ५ मिनिटांत पाठवायचा. धार्मिक किंवा जातीय भाषणाचा प्रकार यादीत असतो तो निवडा. गॅलरीतला जुना व्हिडिओ, व्हॉट्सॲपवर आलेला फॉरवर्ड चालत नाही, आणि ॲपमधून काढलेलं तुमच्या फोनमध्येही उरत नाही, म्हणून सोबतच्या कोणाला तरी दुसऱ्या फोनवर पूर्ण भाषण रेकॉर्ड करायला सांगा, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर तेच लागेल. १०० मिनिटांत निर्णय असं आयोगाचं वेळापत्रक आहे, भरारी पथक येतं, तपासतं, निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. नाव न देताही तक्रार करता येते, फक्त मग पुढे काय झालं ते तुम्हाला कळत नाही.

ॲप जमत नसेल तर १९५० हेल्पलाइन, किंवा साध्या कागदावर अर्ज लिहून निवडणूक निर्णय अधिकारी नाहीतर जिल्हा निवडणूक अधिकारी (बहुतेक ठिकाणी कलेक्टरच) यांच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्याच घ्या. अर्जात तारीख, वेळ, जागा, कोण बोललं आणि बोललेली वाक्यं जशीच्या तशी लिहा. "धार्मिक भावना भडकवल्या" एवढंच लिहिलेला अर्ज म्हणजे रद्दी.

यातून मिळतं काय? नोटीस, समज, जास्तीत जास्त प्रचारबंदी. एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने योगी आदित्यनाथांना ७२ तास आणि मायावतींना ४८ तास प्रचार करू दिला नव्हता, दोघांनीही धर्माच्या आधारावर भाषणं केली होती म्हणून. दोन-तीन दिवस गप्प बसायची शिक्षा, त्यात कोणाची खुर्ची जात नाही. खुर्ची जाते ती दुसऱ्या रस्त्याने.

दुसरा रस्ता : हायकोर्टात निवडणूक याचिका

हा लोकसभा आणि विधानसभेसाठी. पात्रता कडक आहे, एकतर त्या निवडणुकीतला उमेदवार, नाहीतर त्याच मतदारसंघातला मतदार, मग तुम्ही प्रत्यक्ष मत दिलं असो वा नसो. शेजारच्या मतदारसंघातला कार्यकर्ता कितीही चिडलेला असला तरी चालणार नाही.

मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवस, निकालाआधी करता येत नाही आणि ४६ व्या दिवशी तर नाहीच. उशीर माफ करा म्हणून अर्ज करायची सोय इथे नाही, मुदतीचा नेहमीचा कायदा निवडणूक याचिकेला लागू होत नाही.

कागदपत्रांमध्ये आधी मतदार यादीतला तुमच्या नावाचा उतारा आणि मतदार ओळखपत्र. मग याचिका, तिच्यात महत्त्वाची तथ्यं आणि भ्रष्ट आचरणाचा पूर्ण तपशील, कोणी केलं, कधी, कुठे, खाली सही आणि सत्यापन. भ्रष्ट आचरणाचा आरोप असला की नमुना २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं, नोटरी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर केलेलं. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, प्रत्येकीवर "खरी प्रत" म्हणून तुमची स्वतःची सही. खर्चाची हमी म्हणून २००० रुपये अनामत, ती याचिकेबरोबरच भरायची. दाखल करायला स्वतः जा, वकिलाच्या कारकुनावर सोडू नका.

प्रतिवादी कोण करायचे यात भले भले चुकतात. निवडून आलेला तर आलाच, पण ज्या दुसऱ्या उमेदवारावर तुम्ही असा आरोप केलाय तोही हवा, त्याने माघार घेतलेली असली तरी. आणि हरलेल्याला विजयी घोषित करा असं मागत असाल तर लढलेले सगळेच्या सगळे. मुदत, प्रतिवादी किंवा अनामत यातलं एक चुकलं की कलम ८६ खाली याचिका फेटाळली जाते, भाषणात काय होतं ते कोणी ऐकतही नाही.

पुराव्याचं सगळ्यात मोठं लफडं व्हिडिओचं. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो मूळ फोन कोर्टात दिला तर ठीक, नाहीतर प्रमाणपत्र लागतं, आधी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा कोड) आणि तज्ज्ञाची सही पण आलीय. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात स्पष्ट केलं, तिथे धर्माचा विषय नव्हता, उमेदवारी अर्ज वेळेत आला का नाही त्याच्या व्हिडिओवरून वाद होता. सरकारी पथकानेही सभेचं चित्रीकरण केलेलं असतं, त्याची प्रत फी भरून मागता येते, पण लगेच मागा. निकालानंतर ४५ दिवसांत याचिका आली नाही तर निवडणुकीचं फुटेज नष्ट करा असं आयोगाने २०२५ मध्ये कळवलंय.

आता दोन पळवाटा, कारण याचिका बऱ्याचदा इथेच अडकते. एक, कायद्यात उमेदवार म्हणजे ज्याचं नामांकन झालंय तो. अर्ज भरायच्या आधी महिनाभर गावोगाव कीर्तन-भंडारे घालून मतं मागितली तर ती या कलमात बसवणं जवळजवळ अशक्य, आणि हे सगळ्याच पक्षांना पाठ आहे. दोन, बोलणारा महाराज किंवा पक्षाचा मोठा नेता असेल तर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची संमती होती हे दाखवावं लागतं. पार्ल्याच्या केसमध्ये प्रभू स्वतः सभेला हजर होते ते महत्त्वाचं ठरलं, म्हणून व्हिडिओत नुसता वक्ता नको, स्टेजवर उमेदवार बसलेला दिसेल असं शूट करा.

सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कलम ८६ मध्येच लिहिलंय, त्याच्या भरवशावर राहू नका. निवडणूक रद्द झाली तर भ्रष्ट आचरण करणारा ६ वर्षांपर्यंत अपात्र होऊ शकतो, ते राष्ट्रपती आयोगाचं मत घेऊन ठरवतात. निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील. आणि याचिका मागे घ्यायची झाली तर कोर्टाची परवानगी लागते, बाहेर मांडवली करून विषय संपवता येत नाही.

महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीला यातलं बरंच लागू नाही. तिथे निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, प्रत्येकाचा कायदा वेगळा, याचिका हायकोर्टात न जाता खालच्या कोर्टात जाते आणि मुदत फारच कमी असते, महापालिकेला तर १० दिवस, म्हणजे गुलाल उतरायच्या आत वकील गाठावा लागतो.