फ्रान्समधील ग्रामीण आठवडी बाजार

फ्रान्सच्या खेड्यांत आणि लहान गावांत ठरलेल्या वारी, बहुतेक ठिकाणी सकाळी आठ ते दुपारी साडेबारा-एकपर्यंत, गावच्या चौकात किंवा जुन्या लाकडी छपराखाली भरणारा बाजार. फ्रेंचमध्ये याला ‘मार्शे’ म्हणतात. भाजीपाला, फळे, चीज, मांस, मासळी, पाव, मध आणि रोपे हा इथला मुख्य माल. त्याच्या जोडीला कपडे, सुऱ्या, टोपल्या, कधी कधी गाद्याही विकायला असतात. आसपासच्या गावांचे बाजारवार शक्यतो एकमेकांवर येत नाहीत. दोर्दोन्य भागात सार्लाचा बाजार बुधवारी व शनिवारी भरतो, मोंपाझिएचा गुरुवारी. प्रोव्हान्समध्ये मंगळवारी व्हेझों-ला-रोमेन, शुक्रवारी कार्पांत्रास, शनिवारी आप्त आणि रविवारी लील-सुर-ला-सोर्ग. आपल्याकडच्या आठवडी बाजारात दुकानदार जसे या गावाहून त्या गावाला फिरत राहतात, तशीच इथल्या विक्रेत्यांचीही आठवड्याची फेरी ठरलेली असते.

बाजार भरवण्याचा अधिकार गावाचा आहे. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार ‘कोम्युन’, म्हणजे स्वतःची निवडून आलेली परिषद असलेली गावे-शहरे आहेत. नवा बाजार सुरू करायचा, जुना बंद करायचा किंवा त्याची जागा बदलायची, तर ही परिषद व्यापाऱ्यांच्या संघटनांचे मत घेऊन निर्णय करते. बाजारातील सुव्यवस्था ही ‘मेर’ची, म्हणजे गावच्या निर्वाचित प्रमुखाची जबाबदारी असते. प्रत्यक्ष बाजारात मात्र ज्याचा शब्द चालतो तो ‘प्लासिए’. हा माणूस पहाटेच हजर असतो. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची गाडी कुठे लावायची हे तो ठरवतो आणि दुकानाच्या लांबीनुसार जागाभाडे वसूल करतो. कायम जागा घेतलेले विक्रेते वेगळे आणि त्या दिवसापुरते आलेले वेगळे. कायम विक्रेता ठरलेल्या वेळेपर्यंत आला नाही, तर त्याची जागा वाट पाहत थांबलेल्या दुसऱ्याला मिळते. ही वाटणी कुठे ज्येष्ठतेनुसार होते, कुठे चिठ्ठी टाकून.

मध्ययुगात परिस्थिती उलट होती. बाजार भरवण्याचा हक्क राजा किंवा सरदार देई आणि येणाऱ्या मालावर तोच कर घेई. बाजार म्हणजे उत्पन्न, म्हणून तेराव्या-चौदाव्या शतकांत नैऋत्य फ्रान्समध्ये बाजारचौक मध्यभागी धरून नवी गावेच वसवण्यात आली. अशा आखीव गावांना ‘बास्तीद’ म्हणतात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये वसवलेले मोंपाझिए हा त्यांचा सर्वांत चांगला जतन झालेला नमुना आहे. काटकोनात छेदणारे रस्ते, मधोमध चौक, चौकाभोवती कमानींच्या ओवऱ्या आणि एका बाजूला सोळाव्या शतकातले लाकडी छप्पर. त्या छपराखाली धान्य मोजण्याची जुनी मापे अजून जागेवर आहेत. शेतकऱ्याने आणलेले धान्य त्यात ओतून सर्वांसमक्ष मोजले जाई. मापात खोट होणार नाही याची हमी गाव अशा उघड्यावरच्या मोजणीतून देत असे.

या छपरांना ‘आल’ म्हणतात आणि त्यांच्यापुढे थोडे थांबलेच पाहिजे. भिंती नाहीत किंवा असल्या तरी अर्ध्याच. जाड ओकचे खांब, त्यांवर तुळयांचे दाट जाळे आणि वर कौलांचा प्रचंड भार. नॉर्मंडीतील सँ-पिएर-सुर-दीव येथील आल दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जळून गेली. युद्धानंतर गावाने ती जुन्याच पद्धतीने, लाकडी खुंट्यांनी सांधे जोडत पुन्हा उभारली, आणि आजही तिथे दर सोमवारी बाजार भरतो. देश नव्याने उभा राहत असताना एका लहान गावाने बाजाराच्या छपरासाठी एवढे कष्ट घ्यावेत, यावरून त्या छपराचे गावातले स्थान समजते.

धान्याचा बाजार हा राज्यकर्त्यांसाठी नाजूक विषय होता. धान्य शेतावर किंवा कोठारात न विकता बाजारातच विकावे, पहिले काही तास गावातल्या सामान्य गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवावेत, व्यापाऱ्यांनी नंतर यावे, असे नियम अनेक ठिकाणी होते. अर्थमंत्री त्युर्गो याने सप्टेंबर १७७४ मध्ये ही बंधने उठवून धान्यव्यापार खुला केला. त्या वर्षी पीकही कमी आले होते. भाव भडकले आणि २७ एप्रिल १७७५ रोजी पॅरिसच्या उत्तरेकडील बोमों-सुर-वाझच्या बाजारात दंगा उसळला. तो पाहता पाहता आसपासच्या बाजारांत पसरला. इतिहासात याला ‘पिठाचे युद्ध’ म्हणतात. अनेक ठिकाणी लोकांनी धान्य नुसते लुटले नाही. आपल्याला रास्त वाटेल तो भाव ठरवून तेवढे पैसे दिले आणि मगच पोती उचलली. भाव ठरवताना गावालाही बोलण्याचा हक्क आहे, ही समजूत किती खोलवर रुजलेली होती ते यात दिसते. पुढे क्रांतीच्या काळात, १७९० मध्ये, सरदारांचे बाजारकराचे हक्क रद्द झाले आणि बाजारांचा कारभार क्रमाने गावांकडे आला.

विसाव्या शतकात बाजारांपुढे वेगळेच आव्हान उभे राहिले. १९६३ मध्ये पॅरिसजवळ सँत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा येथे कारफूर या दुकानसाखळीचे पहिले हायपरमार्केट, म्हणजे एकाच छपराखाली सगळे विकणारे अवाढव्य दुकान, सुरू झाले. १९६९ मध्ये पॅरिसचा घाऊक बाजार शहराच्या मध्यातून हलून रंजिसला गेला. खेड्यांतली माणसे शहरांकडे निघाली, गावातली किराणा दुकाने एकामागून एक बंद झाली. बाजार मात्र टिकले, कारण त्यांना इमारतीचा आणि रोजच्या नोकरांचा खर्च नव्हता. आठवड्यातून एकदा चौक मोकळा ठेवला की पुरे होते.

खेडेगावचा बाजार म्हणजे सगळा माल शेतातून थेट आलेला, अशी पर्यटकांची भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात दोन प्रकारचे विक्रेते शेजारी शेजारी बसतात: स्वतः पिकवून विकणारे ‘प्रोद्युक्तर’ आणि घाऊक बाजारातून आणून विकणारे ‘रव्हांदर’. दोघांनाही बसायची मुभा आहे. फळभाज्यांवर किंमतीबरोबर माल कुठला आहे हे लिहिणे कायद्याने सक्तीचे आहे, म्हणून पाटी वाचायची सवय लावावी. पिकवणाऱ्याच्या टेबलावर पाच-सात जिनसाच असतात, मुळ्याला माती असते, गाजरे वेडीवाकडी असतात आणि जानेवारीत टोमॅटो नसतात. जिथे संत्री, केळी आणि अननस एका रांगेत रचलेले दिसतात, तिथे विक्रेता प्रामाणिक असला तरी शेतकरी नव्हे. प्रोव्हान्समध्ये उन्हाळ्यात मिळणाऱ्या लव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि छापील मेजपोश यांच्याबाबतही ही चौकशी करायला हरकत नाही.

खरेदीची रीत ठरलेली आहे. आधी ‘बोंझूर’ म्हणायचे, मग मागायचे. अभिवादन न करता थेट भाव विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. रांगेत ज्याची पाळी असेल त्याच्याशी विक्रेता निवांत बोलतो आणि मागचे लोक त्याबद्दल कुरकुर करत नाहीत. फळे स्वतः चाचपायची नाहीत, निवड विक्रेत्यावर सोपवायची. खाद्यमालात घासाघीस होत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला फार तर कोथिंबिरीसारखी पार्स्लीची काडी वर मिळते. खरबूज मागितले तर विक्रेती विचारते, “आज दुपारी खाणार की रात्री?” उत्तर ऐकून ती दोन-तीन फळे हातात तोलते, देठाकडचा भाग बघते, बुडाशी वास घेते आणि एक पुढे करते. उद्यासाठी हवे असेल तर फळ बदलते. बकरीच्या दुधाच्या चीजचेही तसेच: कालचे ओले, आठवड्याभराचे अर्धसुके, आणखी मुरलेले कडक, सगळे एकाच फळीवर ओळीने मांडलेले. केर्सी भागातले रोकामादूर हे जेमतेम ३५ ग्रॅमचे चपटे, गोल चीज असे ओळीत पाहिले की त्याची साल दिवसागणिक कशी सुरकुतत जाते ते समजते.

काही बाजार एकाच मालासाठी प्रसिद्ध आहेत. ब्रेस प्रांतातील लुआँचा सोमवारचा बाजार जिवंत कोंबड्यांसाठी ओळखला जातो. पांढरी पिसे, लाल तुरा आणि निळे पाय असलेल्या तिथल्या कोंबडीला १९५७ पासून कायद्याने संरक्षित नाव आहे. केर्सीतल्या लालबँक गावचा हिवाळ्यातला मंगळवार त्याहून वेगळा. इथे काळ्या ट्रफलचा, म्हणजे ओकच्या मुळांशी जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी भूछत्राचा बाजार दुपारी भरतो. रस्त्याच्या कडेने लांब बाकांवर लहान टोपल्या मांडलेल्या असतात; मागे विक्रेते, पुढे आडवी दोरी, दोरीपलीकडे गिऱ्हाइके. वेळ होईपर्यंत टोपलीवर वाकून वास घ्यायचा आणि हलक्या आवाजात बोलायचे, एवढेच. खूण झाली की दोरी खाली येते आणि थोड्याच वेळात बहुतेक टोपल्या विकल्या जातात. प्रोव्हान्समधल्या रिशरँश गावात असाच ट्रफलचा बाजार शनिवारी असतो. तिथल्या चर्चमध्ये जानेवारीत एका रविवारी भाविक दानपेटीत नाण्यांऐवजी ट्रफल टाकतात.

बाजाराला ऋतूचे वेळापत्रक असते. वसंतात शतावरीचे कोंब, मग स्ट्रॉबेरी आणि चेरी, उन्हाळ्यात खरबुजे आणि वांगी, पानगळीत अक्रोड आणि रानभूछत्रे, थंडीत कांद्याच्या कुळातले लीक आणि कंदमुळे. टोमॅटोची रोपे मे महिन्यात सर्वाधिक खपतात. ११ ते १३ मे हे ‘हिमसंतांचे’, म्हणजे उशिराच्या हिमकडाक्याची भीती असलेले दिवस ओलांडल्याशिवाय रोप जमिनीत लावू नये, हा जुना संकेत बागवाले अजून पाळतात. ज्याला हा बाजार खरोखर पाहायचा असेल त्याने ऑगस्टच्या गर्दीत जाऊ नये, फेब्रुवारीत जावे. तेव्हा दुकाने कमी असतात, पण बसलेला प्रत्येक जण गावासाठी आलेला असतो.

कोरोनाच्या साथीत, २३ मार्च २०२० रोजी, पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी उघड्यावरचे बाजार बंद करण्याची घोषणा केली. मात्र ज्या गावांत ताजे अन्न मिळण्याची दुसरी सोयच नव्हती, तिथे ‘मेर’च्या मागणीवरून प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेले जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी, परवानगी देऊ शकत होते, आणि अशा मागण्या देशभरातून झाल्या. आज अडचण वेगळी आहे. अनेक जुने विक्रेते निवृत्तीला आले आहेत. पहाटे तीनला उठून गाडी भरायची, पावसात उभे राहायचे, हे काम पुढे कोणी घ्यावे हा प्रश्न आहे. बाजारातली जागा सार्वजनिक असल्याने ती विकता येत नाही. जून २०१४ च्या कायद्याने एवढी सोय केली, की ठरावीक काळ जागा सांभाळलेला विक्रेता धंदा सोडताना आपला वारस ‘मेर’पुढे सुचवू शकतो.