मुठी, गाठी आणि गोळे: इंग्रजी वाक्प्रचारांतला जोर कुठून आला

कुणी एखाद्या कामासाठी जिवाचं रान केलं की इंग्रजीत म्हणतात, ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’. यातल्या ‘स्टॉप’चा थांबण्याशी संबंध लावला तर अर्थ लागत नाही. चर्चमधल्या पाइप ऑर्गनला, हार्मोनियमच्या पुढे असतात तशा, ओढायच्या मुठी असतात. मूठ आत ढकललेली असेपर्यंत त्या संचातल्या नळ्यांची हवा बंद. बाहेर ओढली की त्या बोलू लागतात. सगळ्या मुठी ओढल्या की वाद्य पूर्ण ताकदीने घुमतं. १८६५ साली इंग्रज कवी आणि समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने इंग्रज माणसालाच ऑर्गन म्हटलं आणि त्याचे आणखी थोडे स्टॉप ओढून पाहायची इच्छा लिहून ठेवली.

वेगाचे शब्द समुद्रावरून आले. ‘ॲट अ रेट ऑफ नॉट्स’ म्हणजे सुसाट. यातले ‘नॉट’ म्हणजे दोरीच्या खऱ्याखुऱ्या गाठी. दोरीला लाकडी फळी बांधून ती जहाजाच्या मागे पाण्यात सोडायची. फळी जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं, दोरी सुटत जाते. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते खलाशी मोजायचा. गाठींमध्ये ४७ फूट ३ इंचांचं अंतर ठेवलं, की मोजलेला आकडा थेट ताशी सागरी मैलांचा. किती नेमकी युक्ती आहे ही!

पूर्ण जोराने या अर्थाचे ‘हॅमर अँड टाँग्ज’ लोहाराच्या भट्टीतला आणि ‘फुल टिल्ट’ भाले रोखून घोडे फेकणाऱ्या सरदारांचा, हे सहज कळतं. ‘बॉल्स टु द वॉल’ मात्र हमखास अश्लील समजला जातो, आणि त्याचं मला वाईट वाटतं. हा अमेरिकी लढाऊ वैमानिकांचा, १९६०च्या दशकातला शब्द. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या, दांड्यांना टोकाशी गोळे असत. ते समोरच्या भिंतीकडे पार रेटले की इंजिन पूर्ण जोरात.

वैमानिकांच्या नावावर ‘द होल नाइन यार्ड्स’ (म्हणजे सगळंच्या सगळं) सुद्धा खपवलं जातं: दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांवरच्या मशिनगनचा काडतुसांचा पट्टा नऊ यार्डांचा होता, म्हणून. गोष्ट झकास आहे, पण टिकत नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका वर्तमानपत्राने १९०७ मध्येच ‘फुल नाइन यार्ड्स’ छापलं होतं, आणि १९१२ मध्ये शेजारच्या केंटकीत लोक ‘होल सिक्स यार्ड्स’ म्हणत होते. सहा म्हणा की नऊ, दोन्ही कुठलाही पट्टा न मोजता.