एकच गुडघा सुजलेला राहतो तेव्हा

तीन वर्षांची मुलगी सकाळी लंगडतच उठते. जिना बसून, घसरत उतरते. दहा वाजेपर्यंत अंगणात पळायलाही लागते, म्हणून घरचे म्हणतात, पडली असेल कुठंतरी, मुका मार आहे. सिडकोतला फ्लॅट असो की निफाडचा मळा, तेल आणि शेक यांत आठवडे निघून जातात. पण मुका मार इतका रेंगाळत नाही. एकाच सांध्याची सूज सहा आठवड्यांनंतरही टिकली, तर तिचं कारण शोधायलाच हवं.

मुलीला आडवं निजवून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी पाहा. सुजलेल्या गुडघ्याच्या वाटीलगतची खळी भरून आलेली असते, पाय पुरता सरळ होत नाही, मांडी बारीक झालेली असते. कधी तोच पाय किंचित लांबही भरतो, कारण सुजेमुळे तिथल्या वाढत्या हाडाला रक्तपुरवठा जास्त होतो. वाढीच्या वयातलं नेहमीचं दुखणं वेगळं. ते संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत असतं आणि त्यात सूज नसते.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला संधिवात म्हणजे बालसंधिवात. त्याचं निदान एका रक्ततपासणीवर होत नाही. अशा बहुतेक मुलांचा आरए फॅक्टर (संधिवातासाठी नेहमी करतात ती रक्ततपासणी) निगेटिव्हच येतो, ईएसआरही (शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नॉर्मल असू शकतो. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ म्हणून सुजलेला गुडघा घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

‘दुसरं कारण’ शोधताना आपल्याकडे आधी क्षयरोग आठवावा लागतो. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरीही खुब्यात किंवा गुडघ्यात क्षय असू शकतो. सांध्यातलं पाणी आणि शक्य तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासल्याशिवाय ‘करून बघू’ म्हणत क्षयाची औषधं सुरू करणं चूक आहे, आणि क्षयाची शंका असताना सांध्यात स्टेरॉइड टोचणंही तितकंच चूक.

सुरगाणा-पेठकडच्या अनवाणी खेळणाऱ्या पोराला बाभळीचा काटा कधी रुतला होता का, हेही विचारावं. आत मोडलेला काटा महिनोन्‌महिने सूज धरून ठेवतो. तो एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. मुलगा असेल तर सांध्यात सुई घालण्याआधी मामाला रक्तस्रावाचा आजार आहे का, ते विचारायलाच हवं. हिमोफिलिया या आईकडून मुलाकडे येणाऱ्या, रक्त नीट न गोठण्याच्या आजारातही गुडघाच सुजतो. मूल रात्री दुखून जागं होत असेल, फिकट पडलं असेल, तर रक्ताचा कर्करोग नाही याची खात्री होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये.

बालसंधिवात ठरला की डोळे तपासायचे. डोळ्याच्या आत सूज येते, पण डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही. उपचार न झाल्यास नजर मात्र जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखालीच ती सूज दिसते. एएनए ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलीची ही डोळ्यांची तपासणी पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी व्हायला हवी, गुडघ्याची सूज उतरली तरीही.