आयोडीन नाकारणारी पेशी

कर्करोग म्हणजे जनुकांतील बिघाड, असे आपण वाचत आलो असल्यामुळे, जे जनुक शाबूत आहे त्याचा या आजारात काही दोष नसणार, असे सहज वाटते. थायरॉइडच्या कर्करोगाने हा समज चुकीचा ठरवला आहे.

थायरॉइडची पेशी रक्तातील आयोडीन ओढून घेते. तिच्या आवरणावरील एनआयएस हे प्रथिन दोन सोडियम आयनांसोबत एक आयोडाइड आयन आत आणते. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रोगट पेशी मारण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ देतात, ते याच प्रथिनाच्या भरवशावर. त्याचे बीटा कण ऊतींत जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, पण तेवढ्या अंतरात डीएनए तोडतात. मग पी५३ हे प्रथिन साचते, आत्मनाशाची जनुके चालू करते आणि कॅस्पेझ नावाची विकरे पेशी आतून मोडून काढतात.

पॅपिलरी या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मात्र बऱ्याचदा बीआरएएफ जनुकाचे एक अक्षर बदललेले असते. परिणामी त्याच्या प्रथिनात ६००व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटॅमिक आम्ल येते आणि वाढीचा संदेश एमईके व ईआरके या प्रथिनांमार्फत अखंड वाहत राहतो. खरी गंमत यापुढे आहे. डीएनए हिस्टोन प्रथिनांवर रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो; हिस्टोनवर असिटाइल गट असले की गुंडाळी सैल राहते आणि जनुक वाचता येते. अखंड संदेशामुळे एनआयएस जनुकाच्या नियंत्रक भागाजवळचे हे गट काढले जातात, पॅक्स८ हा जनुक चालू करणारा नियामक तेथे नीट बसत नाही, आणि एकही अक्षर न बिघडता जनुक मिटते, म्हणजे बंद पडते. आयोडीन आत येत नाही, म्हणून पेशी मरत नाही. शिवाय मृत्यूला चालना देणाऱ्या बिम या प्रथिनावर ईआरके फॉस्फेटची खूण करते आणि ते नष्ट होते.

मिटलेले जनुक पुन्हा उघडता येते, हे २०१३मध्ये रुग्णांत दिसले. एमईकेला रोखणारे सेलुमेटिनिब हे औषध घेतलेल्या २० रुग्णांपैकी १२ जणांत आयोडीनचे शोषण वाढले. ८ जणांत ते किरणोत्सारी आयोडीनच्या उपचारासाठी पुरेसे झाले. अर्थात, पुढे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच आयोडीन उपचारासोबत हे औषध देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत पूर्ण रोगमुक्तीचे प्रमाण वाढले नाही. बीआरएएफ आणि एमईके दोन्ही एकत्र रोखण्याचे प्रयोग त्यामुळेच महत्त्वाचे ठरतात.