परदेशी कार टायर मागवायचा की नाशिकमध्येच घ्यायचा? परवाना, कागदपत्रे आणि खर्चाचा हिशोब

परदेशी संकेतस्थळावर टायर स्वस्त दिसला की पहिला प्रश्न मनात येतो तो शुल्काचा. अडचण मात्र त्याआधीच सुरू होते. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने (डीजीएफटी) कारच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’मधून काढून ‘निर्बंधित’ केली. म्हणजे आधी आयात परवाना, मग माल. ‘चारच तर टायर आहेत, सुटतील’ या भरवशावर पैसे पाठवू नका. परवान्याविना आलेला माल कस्टम्स जप्त करू शकते आणि सोडवायची मुभा मिळाली तरी दंड भरावा लागतो.

परवान्याच्या अर्जाला आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो. तो डीजीएफटीच्या पोर्टलवर पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक देऊन ५०० रुपयांत निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरीही. हे राहून गेले की कोड निष्क्रिय होतो आणि बऱ्याच जणांना ते माल बंदरात आल्यावरच कळते. त्यानंतर एएनएफ-२एम हा अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यात सीमाशुल्क वर्गीकरणातल्या शीर्षक ४०११ (नवे टायर) खालचा कारच्या टायरचा कोड, साइजनुसार नग, किंमत, देश आणि हाच टायर का हवा याचे कारण द्यायचे. ‘विविध साइज’ असे मोघम लिहू नका, २०५/५५ आर १६ किती आणि २२५/४५ आर १७ किती ते स्पष्ट मांडा. परवाना मिळाला की तो साधारण १८ महिने चालतो.

सर्वांत जास्त अर्जदार अडकतात ते आयएसआय चिन्हावर. कारच्या टायरला आयएस १५६३३ हे मानक सक्तीचे आहे. त्याचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) परवाना आयातदाराला मिळत नाही, तो परदेशातल्या कारखान्याच्या नावे असतो. एकाच ब्रँडच्या एका कारखान्याकडे तो असेल आणि दुसऱ्याकडे नसेल, असेही होते. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडून कारखान्याचा परवाना क्रमांक आणि साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) स्पष्ट फोटो मागवा. फोटोत आयएसआय चिन्ह दिसले नाही तर पुढचे सगळे कागद व्यर्थ आहेत. विक्रीसाठी आणत असाल, तर जुलै २०२२च्या टायर कचरा नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘उत्पादक’ म्हणून (नियमांत आयातदारही त्यातच धरला जातो) नोंदणीही करावी लागते.

आता खर्च. भाडे आणि विमा धरून मालाची किंमत ४०,००० रुपये आणि मूळ सीमाशुल्क फक्त हिशोबासाठी १० टक्के समजू (त्या दिवसाचा दर कस्टम्सच्या आइसगेट संकेतस्थळावर पाहा). शुल्क ४,०००, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ४००, आणि ४४,४०० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ७,९९२. एकूण ५२,३९२. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण तो स्थानिक खरेदीलाही लागू आहे, त्यामुळे आयातीला वेगळा फायदा नाही. विक्रीसाठी आयात करणाऱ्याला आयजीएसटीची वजावट मिळते, घरगुती कारमालकाला नाही.

विमानाने मागवणाऱ्यांनी आकारमानाचे वजन, म्हणजे माल किती जागा व्यापतो त्यावरून काढलेले वजन, विसरू नये. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३ सेंटीमीटर आणि रुंदी २०.५. व्यास गुणिले व्यास गुणिले रुंदी करून येणाऱ्या घनसेंटीमीटरला ६,००० ने भागले की साडेतेरा किलो येतात आणि ५,००० ने भागले की सोळाच्या वर. टायरचे खरे वजन दहा किलोच्या आसपास असले तरी भाडे मोठ्या आकड्यावर लागते. समुद्रमार्गे न्हावा-शेवा बंदरात आणले तर कस्टम ब्रोकर, कंटेनर यार्डाचे भाडे आणि नाशिकपर्यंतचा ट्रक धरा. बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे कस्टम्सकडे भरायचे विवरणपत्र) उशिरा भरली तर पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० आणि पुढे १०,००० रुपये पडतात. चार टायरांच्या मालावर एवढा बोजा पेलतच नाही.

त्यामुळे घरच्या गाडीसाठी स्वतः आयात करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या सातपूरला सिएट या टायर कंपनीचा कारखानाच आहे, आणि परवाना घेऊन आयात झालेले टायरही अधिकृत वितरकांमार्फत मिळतात. शिवाय पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेने साइडवॉल फाटली, तर त्याच पॅटर्नचा एक टायर इथे मिळायला हवा. तो मिळाला नाही तर एका ॲक्सलवर दोन नवे टायर घालावे लागतात.

दुकानात साइडवॉलवरचा चार अंकी आकडा वाचा. १८२५ म्हणजे २०२५ चा अठरावा आठवडा. ‘इम्पोर्टेड’ म्हणून दाखवलेला टायर अनेकदा गोदामात पडून जुना झालेला असतो, म्हणून हा आकडा आणि आयएसआय चिन्ह दोन्ही दिसल्याशिवाय रिमवर चढवू देऊ नका. बिलावर साइज, चारही टायरांचे सीरियल क्रमांक आणि उत्पादनाचा आठवडा लिहून घ्या. फिटिंग, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंटचे पैसेही त्याच बिलात वेगळे दाखवायला सांगा.