भोंगाशाळा का लागल्या, का बंद झाल्या: पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर मुलांना शिकवणाऱ्या एखाद्या ताईचा सत्कार होतो, तेव्हा बातमीत तिची जिद्द येते, तिची पायपीट येते. सरकारी शाळा दीड-दोन किलोमीटरवर असताना तिला भट्टीवरच वर्ग, म्हणजे भोंगाशाळा, का भरवावी लागते, हे मात्र बहुधा राहून जातं.

शाळेनेच मुलांकडे जायचं, ही या पट्ट्यातली जुनी रीत. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला सुरू झालेलं बालशिक्षणाचं केंद्र १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या दोन शिक्षिकांनी पाड्यात अंगणवाडी भरवली आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. पण कुरणावरचं मूल दिवेलागणीला घरी परततं. भट्टीवरचं मूल पाच-सहा महिने गावातच नसतं, म्हणून तिथे कोसबाडचा अनुभवही पुरा पडला नाही.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर भाताची झोडणी उरकली, दिवाळी झाली की कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या भट्ट्यांवर निघतात. ठाणे आणि नवी मुंबईत इमारती वाढल्या तशा या भट्ट्याही वाढल्या. पावसाळ्यात घरात दाणा नसताना भट्टीमालक शेठकडून घेतलेला बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर असतो. मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला फक्त खर्ची मिळते आणि हिशेब होतो तो हंगाम संपताना. अशा कामात घरातला प्रत्येक हात मोजला जातो. पहाटे दोन-तीनलाच माती तुडवायला सुरुवात होते. मोठी माणसं साच्यातून विटा पाडतात. उन्हं चढली की त्या ओल्या आडव्या विटा एका बाजूवर उभ्या करत जायचं काम मुलांकडे येतं. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर तर दिवसभर तान्हं भावंड असतं.

१९९० च्या दशकात आदिवासी मजुरांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी इथे भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून उभारलेली भट्टीवरची झोपडी. वर्ग भरायचा तो मुलं विटांतून मोकळी झाल्यावर. तान्ह्या भावंडाला आत घ्यायचं हा पहिला नियम, कारण ते बाहेर राहिलं की त्याला सांभाळणारी बहीणही बाहेर राहते. शिकवणारी शक्यतो त्याच समाजातली, कातकरी किंवा वारली बोलीतून सुरुवात करणारी. पहिली ते चौथीची मुलं एकाच चटईवर. आसपासच्या भट्ट्यांची मिळून एक शाळा करायची, तर ती एका शेठच्या आवारात न ठेवता मधल्या जागेत ठेवावी लागे. नाहीतर शेजारच्या भट्टीची मुलं येत नाहीत. मे महिन्यात मुलाचा प्रगतीचा कागद गावच्या शाळेत पोहोचवणं हे शेवटचं काम. ते चुकलं की मूल त्याच इयत्तेत पुन्हा बसे.

पुढे वस्तीशाळा आल्या, शिक्षण हमीच्या योजनाही आल्या. आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला.

खरा वाद इथून सुरू होतो. कायद्याने शाळा कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं: खोल्या, स्वच्छतागृह, पात्र शिक्षक. भोंगा त्यात बसणं शक्यच नव्हतं. निर्णय असा झाला की भट्टीवरची मुलं जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखल करायची, आणि भोंगाशाळा बंद झाल्या. गरिबाच्या मुलाला पेंढ्याखालची शाळा आणि बाकीच्यांना पक्की, हे चालणार नाही, ही त्यामागची भूमिका चुकीची म्हणता येत नाही. स्थलांतरित कुटुंबातल्या मुलांना प्रवेश देणं ही कलम ९ नुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, आणि कलम ५ प्रमाणे दाखला नसला तरी प्रवेश अडवता येत नाही.

अडलं ते पटावर. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या दिवशी ही मुलं गावात असतात. गावच्या शाळेला त्यांची नावं कमी करायची नसतात, कारण पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. भट्टीजवळच्या शाळेत नोव्हेंबरात पंधरा-वीस मुलं वाढतात, पण त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीवर गेली, पुढे आधारची जोड आली, आणि एका मुलाचं नाव दोन शाळांत असणं ही चूक ठरली. मग मुलाला ‘बसू द्यायचं’, पण पटावर घ्यायचं नाही. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ धरतात. पटाबाहेरच्या मुलाचा वाटा कुठून काढायचा, हा मुख्याध्यापकापुढचा रोजचा प्रश्न. त्यावर तोड म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. गाव सोडताना ते द्यायचं, नव्या शाळेने त्यावर हजेरी-प्रगती लिहायची. पण कुटुंब रात्रीतून टेम्पोत बसतं आणि कार्ड शाळेच्या कपाटात राहतं. शिवाय २०१४ च्या ऑगस्टात पालघर वेगळा झाल्यापासून जव्हारचं मूल भिवंडीला आलं, तर त्याचा कागद एका जिल्हा परिषदेतून दुसरीत जावा लागतो.

मोजणीचंही तेच. सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं ठरलं. राज्यभराचं एकदिवसीय सर्वेक्षण मात्र झालं ४ जुलै २०१५ ला. जुलैत भट्ट्या बंद असतात, मुलं गावात असतात. मार्च २०२१ ची शोधमोहीम हंगामात होती, पण तेव्हा कोरोनामुळे शाळांचीच घडी विस्कटलेली होती. जुलै २०२२ ची मोहीम पुन्हा पावसातच. स्थलांतराची मोजणी स्थलांतर नसताना करणं ही साधी चूक नाही, कारण त्या आकड्यांवरच पुढचं नियोजन होतं.

म्हणून भट्टीवर काम करणाऱ्यांची मागणी तारखांपासून सुरू होते: मोजणी डिसेंबर आणि फेब्रुवारीत, सकाळी उशिरा, थेट भट्टीवर करावी, पटाची दुसरी तारीख जानेवारीत ठेवावी, आणि तेवढ्या महिन्यांपुरता एक शिक्षक पाड्यावरच्या शाळेतून भट्टीजवळच्या शाळेत पाठवावा. ही मुलं त्याला ओळखतात, त्यांची खरी नावं आणि इयत्ताही त्यालाच ठाऊक असतात.